सायकलची ट्यूब, तेलाचा डबा आणि हीर: गोव्यातल्या पावसाळी घराची कामचलाऊ दुरुस्ती

मिरगाची पहिली सर आली आणि माजघरात टपटप सुरू झाली की गावातल्या प्रत्येक मेस्त्रीचा फोन एकाच वेळी वाजायला लागतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत इथे साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि ओल्या कौलांवर कुठलाही शहाणा माणूस चढत नाही. तो येईपर्यंत घर तर चालले पाहिजे. हा लेख त्या मधल्या दिवसांसाठी आहे: घरात आणि परड्यात सापडणाऱ्या वस्तूंनी काय धरता येते, किती दिवस धरते आणि कशाला हात लावायचा नाही.

हात घालण्याआधी दोन सवयी लावून घ्या. कामचलाऊ दुरुस्ती केली की मार्कर पेनाने तिथेच तारीख लिहा, पाइपावर, डब्याच्या पत्र्यावर, दाराच्या आतल्या कडेवर. तारीख नसलेली पट्टी घरच्यांच्या नजरेआड होते आणि दोन वर्षांनी भर जुलैत सुटते. दुसरे, उद्या येणाऱ्या कारागिराचे काम अवघड होईल असे काही करू नका. आट्यांच्या सांध्यावर एम-सीलचा (दोन भाग मळून लावायच्या, दगडासारख्या टणक होणाऱ्या लांबीचा) गोळा थापला की तो सांधा पुन्हा खुलत नाही, पाइप कापावा लागतो. पक्कडीने नटाचे कोपरे गोल केले की पाना बसत नाही. सहज सोडवता येते ती दुरुस्ती चांगली, मग दिसायला ती कशीही असो.

घरदुरुस्तीचे पुरुमेंत

मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, म्हणून सुके मासे, सोलां, आमसुले, मिरच्या भरून ठेवतो, तसाच एक डबा दुरुस्तीचाही भरून ठेवावा. त्यात काय हवे: सायकलची एक जुनी ट्यूब, गवंड्याची बाइंडिंग तार चार-पाच मीटर, टेफ्लॉन टेपची दोन रिळे, नळाचे अर्ध्या इंची वायसर चार, एम-सीलचे छोटे पाकीट, फेविकॉलची छोटी बाटली, दोन मेणबत्त्या, 80 नंबरचा पॉलिश पेपर, रबर बँड, नायलॉनची दोरी दहा मीटर, जुन्या फ्लेक्सचा मीटरभर तुकडा आणि पंधरा लिटर तेलाचा एक रिकामा पत्र्याचा डबा. फ्लेक्स विकत घ्यायची गरज नाही, जत्रा किंवा निवडणूक संपली की मागितला तर मिळतो. एम-सीलचे उघडलेले पाकीट दमट हवेत खराब होते, म्हणून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. सुंभ, कोयता, हातोडा असे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सगळे एका फेरीत होते.

मापाची साधने घरातच असतात. नवी पाचशेची नोट बरोबर 15 सेंटिमीटर लांब असते आणि दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास 27 मिलिमीटर, तेव्हा टेप सापडला नाही तरी काम अडत नाही. उभी रेघ सरळ आहे का बघायला दोऱ्याला किल्ल्यांचा जुडगा बांधा, झाला ओळंबा. पंखा मात्र बंद ठेवा, दोरा हलतो. आडवी पातळी हवी असेल तर पाच-सहा मीटर पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा, दोन्ही टोके भिंतीला धरा. दोन्हीकडचे पाणी जिथे थांबेल त्या दोन खुणा एका पातळीत असतात. गवंडी अजूनही याच पाणसळीवर विसंबतात. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी माप चुकते, म्हणून पाणी भरताना नळी हळूहळू झटकून तो बाहेर काढा.

कौले गळतात तेव्हा

सगळ्यांत आधी हे लक्षात घ्या की थेंब पडतो तिथे भोक नसते. पाणी कौलाखाली आले की रिपेवरून (कौले अडकतात त्या आडव्या पट्टीवरून) वाशावर उतरते, वाशाच्या पोटाला चिकटून खाली वाहते आणि एखादी गाठ किंवा खिळा लागला की तिथून सुटते. ओली रेघ वर कुठवर जाते ते टॉर्चने बघा. उघडीप मिळाली की दुपारी माळ्यावर अंधार करून वर नजर लावा. फटीतून उजेड दिसतो. त्या फटीत वाढवणीचा (नारळाच्या पातीच्या शिरांच्या झाडूचा) एक हीर, म्हणजे एक काडी, खालून वर खुपसून ठेवा. बाहेरून शिडीवरून बघणाऱ्याला तो हीर कौलावर उभा दिसतो आणि नेमके कोणते कौल, हा वाद मिटतो.

उजेड कुठेच दिसत नसेल तर कौल फुटलेले नाही. मग कारण बहुधा दोनांतले एक. आंब्या-फणसाचा पाला कौलांच्या खाचांत साचून पाणी अडते आणि मागे चढून जोडातून आत येते. किंवा माकडांच्या उड्यांनी कौल दोन बोटे खाली सरकलेले असते आणि नैर्ऋत्येचा वारा जोरात असला तरच आत पाणी मारतो. वाऱ्याच्या पावसातच गळते आणि उभ्या पावसात गळत नाही, असे दिसले की सरकलेले कौल शोधा.

रात्री काही करणे शक्य नसते. तेव्हा वाशावर पाणी सुटते त्या जागी सुती दोरा बांधा आणि त्याचे टोक बालदीत सोडा. पाणी दोऱ्यावरून आवाज न करता उतरते, शिंतोडे उडत नाहीत, झोपही मोडत नाही. नायलॉनचा दोरा इथे चालत नाही, त्यावरून थेंब उडी मारतो. सुती दोरा आधी ओला करून घेतला तर पहिल्या थेंबापासून काम करतो.

आता कौल बदलणे. सीलिंग नसलेल्या घरात हे आतूनच करता येते, छपरावर चढावे लागत नाही. नव्या माणसाला हे कोणी सांगत नाही म्हणून इथे सविस्तर देतो. मंगळुरी कौल म्हणजे साधारण सोळा इंच लांब आणि दहा इंच रुंद, वजन अडीच-तीन किलो, भिजल्यावर आणखी. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळुरात कारखाना घातला, तेव्हापासून या कौलाची घडण तीच राहिली आहे: वरच्या कडेला खालून दोन नाके, ती रिपेवर अडकतात, आणि बाजूला खाच, जी शेजारच्या कौलात बसते. दोन रिपांत साधारण तेरा इंचांचे अंतर असते, म्हणून दर ओळ खालच्या ओळीवर तीनेक इंच चढते.

1. दोन माणसे लागतात. एक टेबलावर किंवा घट्ट शिडीवर, दुसरा खाली शिडी धरून. हातात मोजे घाला. कौलांच्या जोडात विंचू आणि गोम सुक्या जागेसाठी येऊन बसतात.
2. फुटक्या कौलाच्या वरच्या ओळीतली दोन कौले तळव्याने खालून दोन-तीन इंच वर ढकला आणि त्यांच्याखाली नारळाच्या सोडणाचा तुकडा सारा. लाकडाची पाचर नको. सोडण दबते, कौलाला टवका जात नाही.
3. फुटक्या कौलाची नाके रिपेवरून उचला, कौल थोडे वर सरकवून खाचेतून सोडवा, कडेवर उभे करा आणि दोन रिपांच्या मधून तिरके खाली घ्या. रिपेची रुंदी वजा केली तर अकराएक इंच जागा मिळते आणि कौल दहा इंच रुंद असते, त्यामुळे घाई केली की तिथेच अडकते.
4. नवे कौल त्याच वाटेने वर न्या. आधी बाजूची खाच, मग नाके. शेवटी सोडण काढा आणि वरची कौले हळूच खाली बसू द्या.

कारखान्यागणिक कौलाच्या खाचा थोड्या वेगळ्या असतात. दुकानातून नवे आणताना जुन्या कौलाचा तुकडा नेऊन जुळवा. कौलाच्या पाठीवर कारखान्याचे नाव उठवलेले असते, ते वाचून मागा. दहा-पंधरा जुनी कौले गोठ्याच्या मागे रचून ठेवणारे घर शहाणे.

जादा कौल नसेल तर तेलाच्या डब्याचा पत्रा कामाला येतो. डबा उभा फाडून लागून असलेल्या दोन बाजू सपाट करा, सतरा बाय दहा इंचांचा तुकडा कापा. वरच्या कडेची एक इंच घडी घालून आकडा करा, तो रिपेवर अडकेल. दोन्ही लांब कडा अर्धा-अर्धा इंच वर दुमडा, म्हणजे पाणी बाजूला सांडणार नाही. खालचे तीन इंच मात्र सपाटच ठेवा, नाहीतर पत्रा खालच्या कौलावर बसत नाही आणि उभ्या राहिलेल्या फटीतून वारा पाणी आत घालतो. हा पत्रा फुटक्या कौलाच्या खाली जातो, त्याचे शेपूट खालच्या ओळीतल्या कौलाच्या डोक्यावर टेकले पाहिजे. फटीतून आलेले पाणी पत्र्यावर पडते आणि पुढच्या कौलावरून वाहून जाते. पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या धारदार असतात, त्या चिऱ्यावर घासून बोथट करा. खाऱ्या हवेत हा पत्रा एक पावसाळा काढतो, दुसरा काढत नाही.

फुटक्या कौलावर वरून सिमेंट फासणे हा सगळ्यांत जास्त केला जाणारा आणि सगळ्यांत वाईट उपाय. कौल उन्हात तापते, सिमेंट वेगळ्या गतीने फुगते, चार दिवसांत बारीक तडा जातो. शिवाय ते कौल शेजाऱ्याला चिकटते आणि बदलताना दोन्ही फुटतात.

पडवीची पन्हळ फुटली आणि नवी मिळेपर्यंत थांबायचे असेल तर पोफळीचे पडलेले खोड उभे चिरा, आतला भुसभुशीत गाभा खरवडून काढा. कुळागरात (सुपारीच्या बागेत) पाणी न्यायला हीच पन्हळ वापरतात. मीटरमागे दोन सेंटिमीटर उतार द्या आणि दर तीन-चार फुटांवर बाइंडिंग तारेने बांधा. उतार कमी पडला की पाला बसतो आणि आठवड्यात डास होतात.

पाइप आणि नळ

सायकलची ट्यूब पाण्याच्या पाइपावर एवढी चांगली का चालते, याचे कारण टाकीच्या उंचीत आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो भरतो. आपल्या टाकीतले पाणी नळापासून तीन-चार मीटर वर असते, म्हणजे दाब त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याचा. ताणून गुंडाळलेले रबर तेवढे सहज धरते. सरकारी नळाची थेट लाइन असेल तर दाब जास्त असतो आणि पाणी येताना एकदम धक्का बसतो. तिथे ही पट्टी एक-दोन दिवसांपुरतीच समजा.

सव्वीस इंची चाकाची ट्यूब कापून उभी चिरली की जवळजवळ दोन मीटर लांबीच्या, इंचभर रुंद तीन पट्ट्या निघतात. आतली पांढरी पावडर ओल्या फडक्याने पुसून काढा. ती राहिली तर रबर रबरावर सरकते आणि पट्टी सैल होते. पाइप नारळाच्या काथ्याने घासा, गंज आणि शेवाळ जाईपर्यंत. पाणी बंद करून पाइप कोरडा करा. भोकाच्या दोन इंच आधी सुरू करा, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढवा आणि पट्टी दीडपट ताणली जाईल इतकी ओढत भोकाच्या दोन इंच पुढे जा. तसेच परत या. सहा-सात थर झाले पाहिजेत. शेवटचे टोक आधीच्या फेऱ्याखाली सारून वरून बाइंडिंग तारेचे तीन वेढे आवळा. नवशिके बहुतेक वेळा कमी ताणतात. रबर ताणले गेले नाही तर ते फक्त पाइपाला पांघरूण घालते, पाणी थांबवत नाही.

एम-सील वापरायचे असेल तर दोन्ही भाग सारखे घ्या आणि पांढऱ्या-काळ्या रेघा पूर्ण जाईपर्यंत, दोन-तीन मिनिटे मळा. रेघ राहिलेला भाग कधीच कडक होत नाही. वाहत्या पाण्यावर ते चिकटत नाही, म्हणून आधी पाइप रिकामा करा. भोकावर नुसता गोळा ठेवू नका, पाइपाच्या सगळ्या बाजूंनी कडे करा आणि ओल्या बोटाने गुळगुळीत करा. दोन तासांत टणक होते, पण पूर्ण ताकद यायला रात्र जाऊ द्या.

नळ ठिबकतो म्हणजे बहुधा आतला वायसर झिजलेला असतो. व्हॉल्व्ह बंद करा, नळ उघडून उरलेले पाणी काढा, नळाच्या मानेला फडके गुंडाळून त्यावर पाना लावा, म्हणजे क्रोमला ओरखडे पडत नाहीत. दांडी बाहेर आली की टोकाला वायसर दिसतो. दुकान बंद असेल तर जुन्या चामडी पट्ट्याचा तुकडा घ्या, जुना वायसर त्यावर ठेवून पेनाने रेघ मारा, कात्रीने कापा, मधले भोक तापवलेल्या खिळ्याने पाडा. चामडे तासभर पाण्यात भिजवून मगच बसवा. सुके बसवले तर फुगल्यावर नळ घट्ट होतो. पूर्वी नळांना चामड्याचेच वायसर असत, त्यामुळे हा उपाय वाटतो त्यापेक्षा बराच टिकाऊ आहे, दोन-तीन महिने सहज जातात. रबरी चपलेचा तुकडाही लोक लावतात, पण तो स्पंजासारखा दबतो आणि आठवड्यात पुन्हा ठिबक सुरू. थेंब थांबत नाही म्हणून नळ जोर लावून पिळू नका. आतली पितळेची बैठक कापली जाते आणि मग नवा वायसरही उपयोगी पडत नाही. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळांत वायसर नसतो, सिरॅमिकच्या चकत्या असतात. तिथे आतला सुटा भागच बदलावा लागतो.

टाकीचा फुगा फुटून त्यात पाणी भरले की टाकी वाहत राहते. अर्ध्या लिटरच्या दोन रिकाम्या बाटल्या झाकणे घट्ट लावून दांडीच्या टोकाला, एक वर आणि एक खाली, नायलॉन दोरीने जखडा. हाताने दांडी वर उचलून पाणी पूर्ण थांबते का ते बघा. थांबत नसेल तर दोष फुग्यात नाही, व्हॉल्व्हच्या रबरात आहे.

आपल्याकडची मोरी तुंबते ती माशाचे खवले आणि खोबऱ्याचा चोथा यांनी. खवले चपटे असतात, पाइपाच्या वळणावर एकावर एक बसतात आणि चोथा त्यात अडकतो. उकळते पाणी ओतायचा मोह होतो, पण पीव्हीसी पाइप ऐंशी अंशांच्या आसपासच मऊ पडतो आणि सांधे वाकतात. हात जेमतेम सहन करेल इतकेच गरम पाणी घ्या. हिराची काडीही आत घालू नका, ती तुटून तिथेच राहते. यासाठी सगळ्यांत चांगले हत्यार म्हणजे खोक्यांना बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी. दोन फूट पट्टी घ्या, दोन्ही कडांना दर दोन सेंटिमीटरवर कात्रीने तिरप्या चिरा द्या, माशाच्या काट्यासारख्या, टोके हाताकडे वळलेली. पट्टी आत सरळ जाते आणि ओढताना केस, चोथा, खवले सगळे घेऊन येते. तेवढ्याने झाले नाही तर सिंकखालची बाटली (बॉटल ट्रॅप) हाताने फिरवून सोडा. त्याआधी खाली बालदी ठेवा, हे सांगायची गरज वाटत नाही, पण ठेवा.

स्क्रू, खिळे, खिडक्या

समुद्राच्या वाऱ्यात लोखंडी स्क्रू दोन पावसांत गंजतो. तो सोडवायला खोबरेल घालू नका, ते जाड असते आणि आट्यांत शिरत नाही, पुढे चिकटही होते. रॉकेल किंवा डिझेलचे दोन थेंब घाला, स्क्रूड्रायव्हर खाचेत धरून वरून हातोडीने चार हलके ठोके द्या आणि रात्रभर सोडा. सकाळी आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने फिरवा, मग उलटे. गंजाची पकड घट्ट करतानाच तुटते. खाच झिजून गुळगुळीत झाली असेल तर रुंद रबर बँड खाचेवर ठेवून त्यावरून स्क्रूड्रायव्हर दाबा. रबर खाचेत भरते आणि पकड मिळते.

स्क्रूड्रायव्हरच नसेल तर मोठ्या आडव्या खाचेला रुपयाचे नाणे पुरते, आणि बारीक खाचेला स्टीलच्या चमच्याची दांडी काळ्या दगडावर घासून. सुरीचे टोक वापरू नका, कडक पोलाद वाकत नाही, तुटून उडते. आणि चमचा कितीही चांगला घासला असला तरी स्विचबोर्डाकडे नेऊ नका, त्याला इन्सुलेशन नाही.

जनेलाच्या (खिडकीच्या) बिजागरीचा स्क्रू नुसताच फिरत असेल तर भोक मोठे झाले आहे. लोक काडेपेटीच्या काड्या कोंबतात. त्याऐवजी हीर घ्या, तो लाकडापेक्षा चिवट असतो आणि दमटपणात लवकर कुजत नाही. भोकाच्या खोलीएवढे तीन-चार तुकडे फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठोका, वर आलेले कापा आणि रात्रभर वाळू द्या. मग तोच स्क्रू परत घाला. जनेलाचे दार त्या वेळात पाचरीवर टेकवून ठेवा, नाहीतर दुसऱ्या बिजागरीचे स्क्रूही ढिले होतात.

चिऱ्याच्या भिंतीत प्लॅस्टिकचा रॉवेल प्लग बरेचदा फिरतो, कारण चिरा सच्छिद्र असतो आणि ड्रिलने भोक मापापेक्षा मोठे पडते. ड्रिलचा हातोडा-खटका बंद ठेवून भोक पाडा आणि सागाची दोन इंच लांब, निमुळती, चौकोनी खुंटी ठोका. गोल भोकात चौकोनी खुंटी कोपऱ्यांवर दाबली जाते आणि घट्ट धरते. भोक दगडात घ्या, सांध्यात नको. जुन्या घरांचे सांधे मातीचे असतात, तिथे काहीच टिकत नाही.

चतुर्थीची माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट) या सगळ्यात वेगळी ठेवा. नारळाचे घोस, सुपारीची शिपटी, चिबूड, तवशी मिळून भार मोठा होतो आणि तो बसलेल्या माणसांच्या डोक्यावर टांगलेला असतो. तिचे आकडे आठ दिवस आधी तपासा: पंचवीस किलोची तांदळाची गोण एकेका आकड्याला तासभर टांगून बघा. हलला तर वाशाला आरपार बोल्ट घाला. हीर-फेविकॉल इथे चालणार नाही.

फुगलेले दार

जुलैत दार चौकटीला घासायला लागले की रंधा हातात घेण्याची घाई होते. घेऊ नका. लाकूड हवेतली ओल पिऊन फुगते आणि डिसेंबरात पुन्हा आटते. आता तासलेली दोन सुते तेव्हा फट म्हणून परत येतील, आणि त्या फटीतून पाली, वारा आणि पुढच्या वर्षी पाऊस. दार कुठे घासते ते आधी नेमके शोधा: चौकटीच्या आतल्या कडेवर चुलीतला कोळसा चोळा, दार एकदा लावून उघडा, दारावर काळे उमटेल तेवढीच जागा. तिथे 80 नंबरच्या पॉलिश पेपरने पाच-सहा हात मारा आणि मेणबत्ती घासा. मेण ओल अडवते आणि घसरवते, अशी दोन्ही कामे करते. साबणाची कोरडी वडीही चालते, पण आठवड्याने पुन्हा लावावी लागते. दाराची खालची कड बघायला विसरू नका. सुतार तिथे रंग लावत नाही आणि सगळी ओल तिथूनच वर चढते.

विहिरीत पडलेली कळशी

दोरी तुटून कळशी बुडाली तर कोणालाही खाली उतरवू नका. आधी आरसा आणा. ऊन चांगले वर आले की काठावर उभे राहून आरशाने सूर्याचा कवडसा पाण्यात सोडा. पाणी स्वच्छ असेल तर तळ लख्ख दिसतो आणि कळशी आडवी आहे की उभी तेही कळते. मग गळ बनवा: सहा मिलिमीटरच्या लोखंडी सळीचे फूटभर लांबीचे तीन तुकडे, प्रत्येकाचे खालचे टोक आकड्यासारखे वाकवलेले, तिन्ही पाठीला पाठ लावून बाइंडिंग तारेने घट्ट बांधलेले. वर दोरी, विहिरीच्या खोलीपेक्षा दोन मीटर जास्त, आणि दोरीचे वरचे टोक रहाटाच्या खांबाला आधीच बांधून ठेवा. हातून गळही विहिरीत जाणे फार सोपे असते. गळ तळाला टेकू द्या, मग कवडसा दुसऱ्याला धरायला सांगून हळूहळू काठाकडे ओढत या. कळशीचा गळा सापडला की वजन कळते. पाणी हललेले असेल तर दहा मिनिटे थांबा, गढूळ झाल्यावर नुसते चाचपडणे होते.

जिथे हात लावायचा नाही

विजेला आणि गॅसला जुगाड नाही. फ्यूज उडाला की तांब्याची जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावणारे आजही दिसतात. फ्यूजची तार वितळण्यासाठीच असते. ती वितळली नाही तर भिंतीतली वायर वितळते. दिव्यांच्या लाइनला पाच अँपिअरची तार डब्यात ठेवा, तिला पर्याय नाही. पावसात एमसीबी पुन्हा पुन्हा पडत असेल तर तो टेकू लावून वर धरून ठेवू नका. सगळे प्लग काढा, एमसीबी वर करा, मग एकेक लावत जा. जे लावल्यावर पडतो ते उपकरण बाजूला ठेवा. बहुतेक वेळा दोष गेटवरच्या दिव्यात किंवा पंपात निघतो, तिथे पाणी शिरलेले असते. काहीच न लावता पडत असेल तर ओल वायरिंगमध्ये आहे आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत ती लाइन बंदच राहू द्या. कौलांच्या कामाला अॅल्युमिनियमची शिडी घेत असाल तर खांबावरून घरात येणारी तार कुठून जाते ते आधी बघा.

गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, कुठलेही बटण चालू किंवा बंद करू नका आणि घराबाहेर जाऊन 1906 या क्रमांकावर फोन करा. गळती शोधायची तर साबणाचे पाणी, काडी कधीच नाही. नळीवर ट्यूब, टेप, एम-सील यांतले काहीही लावू नका, नळी बदला.

नोव्हेंबरात

दिवाळी झाली, हवा कोरडी झाली की मार्करने लिहिलेल्या तारखा शोधत घरभर एक फेरी मारा. आधी छपरावरचे पत्रे काढून तिथे खरी कौले घाला, कारण तेव्हा कौले सुकी असतात आणि मेस्त्री मोकळा असतो. मग पाइपांवरच्या ट्यूब सोडा. रबराखाली लोखंडी पाइप आतल्या आत गंजत असतो, तो तुकडा बदलून घ्या. चामड्याचे वायसर, फुग्याच्या बाटल्या, पोफळीची पन्हळ काढा. दाराकडे सगळ्यांत शेवटी वळा. जानेवारीच्या मध्यापर्यंत ते पूर्ण आटलेले असते. तेव्हाही कोळशाची खूण उमटली तर सुताराला बोलवा, आणि तासून झाल्यावर खालच्या कडेला दोन हात रंग लावून घेतल्याशिवाय त्याला सोडू नका.